आयव्हरी कोस्टला जिनिंगच्या कामाला जाऊ का? शेजाऱ्यांनी घडवलेला तह किती टिकतो?

रोलर_फिटर (धरणगाव)

नमस्कार मंडळी. मी धरणगावकडचा, जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यात) फिटर. वडीलही हेच करायचे. डबल रोलर जिन डोळे मिटून उघडतो नि बसवतो, प्रेसचं हायड्रॉलिकही पाहतो. पण आमचा सीझन वर्षागणिक आखडत चाललाय. बोंडअळीला वैतागून लोक मक्याकडे वळले, उरलेल्या कापसातला बराचसा व्यापारी गुजरातेत नेतात. दिवाळीनंतर सुरू झालेल्या जिनला होळीच्या आधीच कुलूप लागतं. त्यात २०२५ मध्ये सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत काढून टाकलं. बाहेरच्या गाठींमध्ये आफ्रिकेतल्याही असतात, असं मालक सांगत होते. आता तिकडून मलाच बोलावणं आलंय.

एजंट म्हणतो आयव्हरी कोस्ट, उत्तरेकडचं कोरोगो. कापसाचाच पट्टा आहे. तिकडे सॉ जिन चालतात, ते शिकून घेईन. पगार इथल्यापेक्षा बराच बरा, राहणं-खाणं त्यांच्याकडे.

नकाशा उघडला नि जरा थबकलो. कोरोगोच्या वर लगेच माली, बाजूला बुर्किना फासो. वाचत गेलो तर २००२ पासून २०११ पर्यंत याच देशाचे दोन तुकडे पडले होते, आणि मी जाणार तो तुकडा बंडखोरांकडे होता. बायको म्हणते अजिबात नको. मेव्हणा म्हणतो, "तठे आते सगळं शांत शे, घोर नको करू." मेव्हणा कधी भुसावळच्या पुढे गेलेला नाही.

माझा प्रश्न कामाचा नाही, तो मी बघून घेईन. प्रश्न असा: तिकडच्या देशांची इकोवास म्हणून संघटना आहे. तिने लायबेरिया, सिएरा लिओन, गांबियात मध्यस्थी केली असं वाचतो. आणि त्याच संघटनेने २०२३ मध्ये नायजरमध्ये सत्ता बळकावलेल्या लष्कराला अध्यक्ष परत बसवायला एका आठवड्याची मुदत दिली, नाहीतर सैन्य घालू म्हणाली, आणि काहीच केलं नाही. मग हे लोक खरंच भांडण मिटवतात का, की बैठका घेऊन फोटो काढतात? उद्या उत्तरेत काही पेटलं तर मध्ये पडणारं कुणी उरलंय का?

केळीवाला_रावेर

भो, केळीचा भाव असाच राहिला तर तुझ्यामागे मीपण येतो, एजंटचा नंबर ठेवून दे.

पण थट्टा बाजूला. जुलै २०२५ मध्ये मालीत कायेसच्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीय उचलून नेले होते. त्याच महिन्यात नायजरमध्ये दोस्सो भागात दोन भारतीय मारले गेले, एकाला पळवलं. दोन्ही बातम्या आपल्या परराष्ट्र खात्याकडून आलेल्या, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नाहीत. हे दोन्ही देश तुझ्या आयव्हरी कोस्टपासून वेगळे आहेत हे खरं, पण नकाशावर तूच बोट ठेवलंस ना.

आबा_फौजी (चाळीसगाव)

पोरा, तुझा प्रश्न वाचला आणि चष्मा काढून परत घातला. २००० साली मी सिएरा लिओनमध्ये होतो. फौजेत ड्रायव्हर. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत गेलो होतो, आणि आम्ही गेलो ते अशाच एका तहाची राखण करायला. म्हणून जरा लांबण लावतो, सहन कर.

तो तह लोमेला झाला, ७ जुलै १९९९ ला. लोमे म्हणजे टोगोची राजधानी. एका बाजूला सिएरा लिओनचे निवडून आलेले अध्यक्ष काब्बा, दुसऱ्या बाजूला आरयूएफ नावाच्या बंडखोरांचा म्होरक्या फोडे सांकोह. या सांकोहला त्याच्याच देशात देशद्रोहासाठी फाशीची शिक्षा झाली होती. त्याच्या लोकांनी साध्या माणसांचे हात तोडले होते. आम्ही ती माणसं पाहिली आहेत, त्याबद्दल इथे लिहीत नाही. तर तहात या सांकोहला काय मिळालं? माफी. उपाध्यक्षाचा दर्जा. आणि देशातल्या हिऱ्यांसह सगळ्या मोलाच्या खनिजांवर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद! ज्या हिऱ्यांवर त्याची बंदूक चालत होती, त्यांची किल्ली सरकारी शिक्क्यानिशी त्याच्या हातात.

तुला वाटेल काब्बांना वेड लागलं होतं. तसं नाही. तिथे लढत होतं ते मुख्यतः नायजेरियाचं सैन्य, इकोवासच्या नावाने. जानेवारी १९९९ मध्ये बंडखोर राजधानी फ्रीटाउनमध्ये घुसले, नायजेरियनांनी त्यांना मोठी किंमत देऊन हुसकलं. फेब्रुवारीत नायजेरियात ओबासांजो निवडून आले, मेमध्ये खुर्चीवर बसले. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला घरी हिशेब द्यावा लागतो, आपली पोरं परत आणायची म्हणाले. ज्याच्या जिवावर काब्बा उभे होते तोच निघायला लागला, मग सही करण्यावाचून काय राहिलं? आणि बैठकीचे यजमान कोण, तर टोगोचे एयादेमा, जे स्वतः १९६७ मध्ये लष्करी उठाव करून खुर्चीवर बसले ते उठलेच नव्हते. लोकशाही परत आणायचा तह अशा दिवाणखान्यात झाला.

संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने सही करताना शेजारी हाताने एक ओळ लिहिली, की नरसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांना ही माफी आम्ही लागू धरत नाही. तेव्हा त्या ओळीकडे कुणी फारसं पाहिलं नाही. पुढे खटले चालवायला तीच कामाला आली.

मे २००० च्या पहिल्या आठवड्यात आरयूएफने तह गुंडाळला आणि संयुक्त राष्ट्रांचे जवळपास ५०० सैनिक धरून ठेवले. आमच्या दोन कंपन्या, २२२ माणसं, आणि बरोबर ११ निरीक्षक कायलाहूनला वेढ्यात अडकले. आमचा तळ दारू नावाच्या गावात (हसू नका, नावच तसं). कायलाहून म्हणजे लायबेरियाच्या सीमेजवळचा कोपरा, रस्ता मातीचा, आणि पाऊस असा की आपल्याकडचा आषाढ त्याच्यापुढे काहीच नाही. वेढा ७५ दिवस चालला. त्या काळात वाटाघाटी चालूच होत्या, आणि ओलीस सोडवायला इकोवासने मध्यस्थ कुणाला केलं ओळख बघू.

चार्ल्स टेलरला! लायबेरियाचा अध्यक्ष. आरयूएफला शस्त्रं पुरवणारा आणि हिरे घेणारा हाच, हे तळावरच्या स्वयंपाक्यालाही माहीत होतं. पण त्याच्या एका शब्दावर शेकडो ओलीस लायबेरियामार्गे सुटले. ज्याच्या शब्दावर बंदुका खाली होतात त्याच्याशीच बोलावं लागतं, भले तो चोर असो. मला तेव्हा फार राग आला होता. आता तितका येत नाही.

आमचे कायलाहूनवाले मात्र बोलण्याने सुटले नाहीत. १५ जुलैला ऑपरेशन खुकरी झालं, ब्रिटिशांची मोठी हेलिकॉप्टरं, आपली लढाऊ हेलिकॉप्टरं आणि दारूहून निघालेला जमिनीवरचा ताफा. दुसऱ्या दिवशी सगळे दारूला पोहोचले. आमचा एक हवालदार गेला.

त्यानंतर आमच्या भारतीय फोर्स कमांडरसाहेबांचा एक अहवाल फुटला. नायजेरियाचे काही बडे अधिकारी हिऱ्यांच्या व्यवहारात गुंतलेत आणि त्यांना शांतता नकोय, असं त्यात होतं. नायजेरियाने ठाम नाकारलं. वाद इतका वाढला की भारताने आपली पलटण परत बोलावली. कोण खरं, कोण खोटं हे मी ड्रायव्हर काय सांगणार.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बांधाचं भांडण मिटवायला शेजारी येतो, कारण त्यालाच जमिनीची खूण माहीत असते. पण त्याचाही बांध त्याच ओळीत असतो. इकोवास म्हणजे असे शेजारी. तह किती टिकेल हे कागद बघून कळत नाही. त्या शेजाऱ्याला लढाईत जास्त मिळतंय की मिटण्यात, एवढं बघ.

लायबेरियात हेच झालं. १९८९ च्या नाताळच्या तोंडावर टेलर शंभरेक माणसं घेऊन घुसला, तोही तुझ्या आयव्हरी कोस्टमधून. तिथल्या म्हाताऱ्या अध्यक्षांच्या, उफूए-ब्वान्यींच्या, मानलेल्या मुलीचा नवरा लायबेरियाच्या डो नावाच्या हुकूमशहाने मारला होता. सोयरीकीतलं वैर, दुसरं काय. नायजेरिया डोच्या बाजूचा. मग १९९० पासून तहांमागून तह झाले, बांजुल, यामुसुक्रो, कोतोनू, अकोसोम्बो, आणि सगळे मोडले. १९९५ मध्ये टेलर स्वतः अबुजाला गेला, नायजेरियाचा जनरल अबाचा आणि तो यांचं आपसात जुळलं, तेव्हा कुठे गाडी हलली. १९९७ ला निवडणूक झाली आणि टेलरच प्रचंड मतांनी निवडून आला. तो हरला तर परत जंगलात जाईल, ही भीती लोकांना होती.

रोलर_फिटर (धरणगाव)

आबा, रामराम. एवढं सविस्तर लिहिलंत, घरात मोठ्याने वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "बघ, मी काय म्हणत होते." आता तिच्या बाजूचा एक मुद्दा वाढवून दिलात तुम्ही.

पण एक खटकतं. चोरालाच किल्ली दिल्याशिवाय तह होत नाही, असं तुमचं म्हणणं आहे का? मग हात तुटलेल्यांनी काय करायचं?

राज्यशास्त्रवाली (धुळे)

आबा, तुमच्या लिहिण्याला नमस्कार, पण तुमच्या निष्कर्षाला माझा विरोध आहे. मी कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते, आणि लोमेचं उदाहरण मी वर्गात नेहमी २००३ च्या अक्राच्या तहाशेजारी ठेवते. लोमेला गुन्हेगाराला बक्षीस दिलं आणि तह वर्षभरसुद्धा टिकला नाही. अक्राला तसं झालं नाही आणि लायबेरियात आजतागायत परत यादवी पेटलेली नाही.

अक्राची हकिगत ऐकण्यासारखी आहे. ४ जून २००३, घानाच्या राजधानीत वाटाघाटींचं उद्घाटन. अध्यक्ष टेलर आलेले, इतर देशांचे अध्यक्ष आलेले. त्याच दिवशी सिएरा लिओनमधल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाने टेलरवरचं आरोपपत्र उघड केलं आणि घानाला सांगितलं, धरा याला. घानाचं सरकार चक्रावलं. पाहुणा म्हणून बोलावलेल्या राष्ट्राध्यक्षाला बेड्या कशा घालणार? त्यांनी टेलरला विमानाने परत लायबेरियाच्या राजधानीत, मनरोव्हियाला पाठवून दिलं. तेव्हा सगळे म्हणाले की न्यायालयाने वाटाघाटींचा खेळखंडोबा केला. पण झालं उलटंच. टेलर आता पुढच्या सरकारात असणार नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळून चुकलं.

तरी बंडखोरांचे प्रतिनिधी मंत्रिपदांवरून आठवडेच्या आठवडे घासाघीस करत बसले. हॉटेलात राहायचं, भत्ता घ्यायचा, आणि तिकडे मनरोव्हियात तोफगोळे पडताहेत. तेव्हा लायबेरियाच्या बायकांनी काय केलं? लेमा ग्बोवी त्यांची पुढारी. या बायका, ख्रिस्ती आणि मुस्लिम एकत्र, पांढरे कपडे घालून कित्येक आठवडे मनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात बसत होत्या. काही जणी अक्राला गेल्या. २१ जुलैला मनरोव्हियात मोठा गोळीबार झाल्याची बातमी आली, आणि त्या सरळ वाटाघाटींच्या सभागृहाच्या दारात ठिय्या मांडून बसल्या, हातात हात अडकवून. करार केल्याशिवाय आतल्या एकालाही बाहेर सोडायचं नाही! पहारेकरी अटक करायला आले तेव्हा ग्बोवी अंगावरचे कपडे उतरवायला लागली. आईच्या वयाच्या बाईने पुरुषांसमोर असं करणं हा तिकडे भयंकर शाप समजतात. पहारेकरी मागे हटले. मध्यस्थ होते नायजेरियाचे माजी लष्करी राष्ट्रप्रमुख जनरल अब्दुलसलामी अबुबकर. ते बाहेर आले, या बायकांशी बोलले. आतून उड्या मारून निघू पाहणाऱ्यांना त्यांनीच परत आत बसवलं.

११ ऑगस्टला टेलर पायउतार झाला, १८ ऑगस्टला सह्या झाल्या. हंगामी सरकारचा प्रमुख ग्यूड ब्रायंट हा व्यापारी होता, कुठल्याच सशस्त्र टोळीचा नव्हता. मंत्रिपदं मात्र टोळ्यांनी वाटून घेतली, ते लपवत नाही. आणि पाठोपाठ संयुक्त राष्ट्रांचे १५,००० सैनिक आले, ते २०१८ पर्यंत कमीजास्त संख्येने राहिले. २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ जिंकल्या, आफ्रिकेतली पहिली निवडून आलेली महिला राष्ट्राध्यक्ष. २०११ चं शांततेचं नोबेल सरलीफ, ग्बोवी आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना मिळालं.

आपल्याकडच्या मुलींना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. जानेवारी २००७ ते फेब्रुवारी २०१६ या काळात मनरोव्हियात भारताची फक्त महिलांची पोलीस तुकडी होती, केंद्रीय राखीव पोलीस दलातली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली अशी पहिलीच. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर त्या पहारा द्यायच्या. वर्गातल्या दोघीतिघी तरी दरवर्षी यानंतर भरतीचा फॉर्म कुठे मिळतो विचारतात.

आबा_फौजी (चाळीसगाव)

मॅडम, बायकांचं खरं आहे. तिथे आम्हालाही दिसायचं, तळावर येऊन कुठल्या वाटेला सुरुंग आहे, कुठे टोळी बसलीय, हे सांगायला बाया यायच्या. पुरुष भीतीने गप्प.

पण टेलर पायउतार झाला तो लाजेने नाही. त्याला नायजेरियाने कालाबारला बंगला दिला. पोरांसकट, नोकरचाकरांसकट. ते दार उघडं नसतं तर तो मनरोव्हियात शेवटच्या गोळीपर्यंत बसला असता आणि मेली असती ती तुमच्या मासळीबाजारातली माणसं. हे तुम्हीही वर्गात सांगत असालच.

आणि पुढचं ऐका. २००६ मध्ये सरलीफबाईंनी मागितलं म्हणून ओबासांजोंनी टेलरला द्यायचं कबूल केलं. टेलर कालाबारहून निसटला, कॅमेरूनच्या सीमेवर पकडला गेला. २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा. फिटर पोराने विचारलं ना, हात तुटलेल्यांनी काय करायचं. त्यांना इतकं तरी मिळालं. सांकोह मात्र निकालाआधी २००३ मध्येच कोठडीत मेला.

पण त्याचा परिणाम बाकीच्यांवर झाला. शेजाऱ्याने दिलेला शब्द दोन-तीन वर्षांत फिरतो, हे सगळ्यांनी पाहिलं. म्हणून २०१६ मध्ये गांबियाचा अध्यक्ष जामे निवडणूक हरला, आधी फोनवर अभिनंदन केलं आणि आठवड्याने म्हणाला निकाल मान्य नाही, तेव्हा त्याला काढणं अवघड होतं. जिंकलेल्या बॅरोंचा शपथविधी १९ जानेवारी २०१७ ला सेनेगलमध्ये, गांबियाच्या वकिलातीत उरकावा लागला. सेनेगलचं सैन्य सीमा ओलांडून आत आलं, आणि दुसऱ्या बाजूला गिनी आणि मॉरिटानियाचे अध्यक्ष जामेच्या दिवाणखान्यात बसून त्याला समजावत होते. दोन दिवसांत तो विमानात बसला. गेला कुठे, तर इक्वेटोरियल गिनीला. तो देश आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्यच नाही. शेजाऱ्यांच्या बंगल्यावर त्याने विश्वास ठेवला नाही. टेलरचं बघून शहाणा झाला.

गांबिया म्हणजे इकोवासचं सगळ्यात स्वच्छ काम, एक गोळी नाही म्हणावी इतकं. पण तो देश तिन्ही बाजूंनी सेनेगलने वेढलेला, एका बाजूला फक्त समुद्र. सैन्य मूठभर. तिथे जमलं ते नायजरला कसं जमणार? नायजर आपल्या महाराष्ट्राच्या चौपट. नायजेरियाच्या उत्तरेतल्या हौसा लोकांचे सोयरे पलीकडे नायजरमध्ये. नायजेरियाच्या सिनेटनेच सांगितलं, सैन्य नको. मग वीज तोडली, सीमा बंद केल्या, बँका अडवल्या. भोगलं कुणी? बाजारातल्या माणसाने. लष्करवाले होते तिथेच राहिले आणि माली, बुर्किना, नायजर तिघांनी मिळून आपली वेगळी आघाडी केली. जानेवारी २०२४ मध्ये इकोवास सोडतो म्हणाले, २९ जानेवारी २०२५ ला बाहेर पडले. ज्याच्यावर रागवायचं तोच घराबाहेर गेला.

राज्यशास्त्रवाली (धुळे)

बंगल्याचा मुद्दा वर्गात सांगतेच, आबा, आणि सांगून झाल्यावर विद्यार्थी माझ्याकडे असंच बघतात जसे तुम्ही आता बघत असाल. फक्त इतकंच म्हणते की लोमेला गुन्हेगाराला सत्तेत बसवलं, अक्राला सत्तेबाहेर घालवलं. सुटका दोघांचीही झाली, पण हा फरक लहान नाही.

फिटरदादांच्या आयव्हरी कोस्टबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. २००२ मध्ये देश फुटला तेव्हा बंडखोरांचं ठाणं ब्वाके शहरात होतं. आधी फ्रान्सने पॅरिसजवळ मार्कुसीला तह घडवला, तो आयव्हरी कोस्टच्या सगळ्यात मोठ्या शहरात, अबिजानमध्ये पोहोचताच त्याच्याविरुद्ध दंगे झाले. शेवटी जमलं ते ४ मार्च २००७ ला वागाडुगूला, म्हणजे बुर्किनाच्या राजधानीत. मध्यस्थ होते बुर्किनाचे अध्यक्ष कॉम्पाओरे, ज्यांच्यावर या बंडखोरांना आसरा दिल्याचा उघड आरोप होता. बंडखोरांचा नेता सोरो पंतप्रधान झाला. इथे आबांचा नियम लागू पडतो, मान्य करते. कॉम्पाओरेंना शांततेत फायदा दिसला, कारण बुर्किनाचे लाखो लोक आयव्हरी कोस्टच्या कोकोच्या मळ्यांत राबत होते आणि त्यांच्यावरच हल्ले होत होते.

तरी २०१० ला निवडणुकीनंतर पुन्हा भडकलं. विरोधी नेते वातारा जिंकले, आधीचे अध्यक्ष बाग्बो खुर्ची सोडेनात. इकोवासने देशाचं सदस्यत्व गोठवलं, बळाचा वापर करू म्हणाली, पण सैन्य काही पाठवलं नाही. वातारांच्या बाजूचे सैनिक उत्तरेकडून खाली आले, अबिजानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आणि फ्रान्सच्या हेलिकॉप्टरांनी गोळीबार केला, ११ एप्रिल २०११ ला बाग्बो पकडले गेले. सुमारे ३,००० माणसं गेली. पुढे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१९ मध्ये बाग्बोंना निर्दोष सोडलं. आणि मध्यस्थ कॉम्पाओरे? २०१४ मध्ये त्यांच्याच देशातल्या लोकांनी त्यांना पळवून लावलं, ते येऊन राहिले अबिजानला!

लिंबायतकर (मूळ शिंदखेडा)

मी सुरतेत असतो. आमच्या लिंबायत-उधन्यात निम्मं खान्देश आहे, त्यातले बहुतेक कापडात. मी मात्र पोरवयात वराछाला हिऱ्याच्या घंटीवर बसायचो. माल कुठून येतो हे आम्हाला कुणी सांगत नव्हतं आणि आम्ही विचारत नव्हतो. पाकीट यायचं, घासायचं, परत द्यायचं. शेठ एकदा म्हणाला आता प्रत्येक कच्च्या मालाला सर्टिफिकेट लागतं. ते किम्बर्ली नावाचं, २००३ पासून. आबांचं वाचून आज लागलं ते कुठल्या रक्तावरून आलं. जगातल्या दहातले नऊ हिरे सुरतेत घासले जातात म्हणे, म्हणजे त्यातले किती माझ्या हातून गेले असतील कोण जाणे. एवढंच सांगायचं होतं.

फिटर भाऊ, जाय भो, पण ईचारीसन जाय.

रोलर_फिटर (धरणगाव)

सगळ्यांचे आभार. एजंटला फोन केला. ब्वाकेलाही एक जागा आहे म्हणतो, पगार जरा कमी. ब्वाके सीमेपासून बरंच खाली आहे, रेल्वेपण जाते. तो म्हणत होता, "साहेब, कोरोगोत काही होत नाही, तुम्ही कशाला घाबरता." मी म्हटलं मग तसं लिहून द्या. तेव्हापासून त्याचा आवाज बदलला.

आबा, एक सांगा. माली आणि बुर्किना संघटनेतून बाहेर पडले, मग आता त्यांच्यात आणि आयव्हरी कोस्टमध्ये वाद झाला तर मध्यस्थ कोण?

आबा_फौजी (चाळीसगाव)

बहुधा टोगो. एयादेमा गेले, त्यांचा मुलगा बसलाय, आणि दोन्ही बाजूंशी बोलणं ठेवून आहे. जुलै २०२२ मध्ये मालीने आयव्हरी कोस्टचे ४९ सैनिक बामाकोच्या विमानतळावर पकडले, भाडोत्री म्हणून. तीन महिला सैनिकांना आधी सोडलं, उरलेल्या ४६ जणांना शिक्षा सुनावली आणि जानेवारी २०२३ मध्ये माफ करून घरी धाडलं. ते टोगोने जमवलं. शिवाय मालीचा नि बुर्किनाचा कापूस समुद्रावर जायला अबिजानचं बंदर लागतं, त्यांना स्वतःचा किनारा नाही. ट्रक थांबले की दोन्हीकडे चूल थांबते. सरकारांमधलं भांडण म्हणून फार ताणलं जाणार नाही, असं मला वाटतं. जंगलातल्या जिहादी टोळ्यांचं वेगळं. त्यांना ना बंदर लागतं, ना तह. घोर असला तर त्यांचा कर, आणि म्हणून ब्वाकेच घे, चार पैसे कमी मिळाले तरी.

करारात कामाच्या गावाचं नाव लिहून घे आणि ते तुझ्या सहीशिवाय बदलायचं नाही, हेही. पासपोर्ट मालकाकडे ठेवायचा नाही. परतीचं तिकीट कुणी काढायचं आणि गडबड झाली तर किती दिवसांत, हे कागदावर असू दे. पोहोचल्यावर अबिजानच्या भारतीय वकिलातीत नाव नोंदव, घरचा फोन नंबर दे. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती सरकारने ठरवलेल्या केंद्रातच मिळते, गावच्या दवाखान्यात नाही. ते पिवळं कार्ड परत येतानाही मुंबईला विचारतात. ते नसलं तर अलग ठेवतात. मच्छरदाणी इथूनच ने.

केळीवाला_रावेर

आबा, केळीवाल्याला काही काम आहे का तिकडे?

आबा_फौजी (चाळीसगाव)

त्यांच्याकडे केळी भरपूर आहेत, युरोपला पाठवतात. तू रावेरलाच थांब.